शून्य हँडिकॅपच्या नादात गेलेलं वर्ष

आधीच सांगून टाकतो, गोल्फमधलं ते शून्य झालं नाही. ८.७ वर थांबलं. ज्यांना नुसता निकाल हवा होता त्यांचं काम इथेच झालं, बाकीच्यांनी चहा घेऊन बसा, कारण मी बराच फापटपसारा लावणार आहे.

तर झालं असं की मार्च २०२३ मध्ये आमचा प्रोजेक्ट बंद पडला आणि कंपनीने हातात बऱ्यापैकी पैसे ठेवून नारळ दिला. वय ४१, कोथरूडमध्ये फ्लॅट, त्याचं कर्ज दोन वर्षांपूर्वीच फिटलेलं, बायकोची नोकरी नीट चालू. सगळे म्हणाले लगेच नवीन शोध. मी म्हटलं नाही, एक वर्ष गोल्फ खेळतो आणि स्क्रॅच, म्हणजे शून्य हँडिकॅपवाला, होऊन दाखवतो. बायको दोन मिनिटं काहीच बोलली नाही, मग म्हणाली, "ठीक आहे, पण आईंना तूच सांग."

आईला सांगितलं. गोल्फ म्हणजे काय ते टीव्हीवर लावून दाखवलं. तिने पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाली, "म्हणजे गोट्याच की रे मोठ्या माणसांच्या, फक्त गल लांब." वर्षभर अनेक कोच, व्हिडिओ, ॲप्स झाले पण खेळाची इतकी नेमकी व्याख्या मला कुणीच दिली नाही.

गोल्फचं वेड तसं २०२१ पासूनचं. टोकियो ऑलिंपिकच्या त्या शनिवारी, ७ ऑगस्टला, पहाटे उठून अदिती अशोकचा शेवटचा राउंड बघितला होता. एका स्ट्रोकने मेडल गेलं, चौथी आली. त्याच दिवशी संध्याकाळी नीरज चोप्राचं गोल्ड आलं आणि सगळं जग तिकडे वळलं, पण मी मात्र त्या सकाळच्या एका स्ट्रोकवरच अडकलो. आपल्या पुण्याचा उदयन मानेही त्याच ऑलिंपिकमध्ये खेळला, हे तर मला तेव्हाच कळलं. तोपर्यंत गोल्फ म्हणजे येरवड्यात गोल्फ क्लब चौकातून विमानतळाकडे जाताना कुंपणापलीकडे दिसणारं हिरवं काहीतरी, एवढीच ओळख. मग ऑफिसच्या एका आउटिंगला क्लब, म्हणजे गोल्फची काठी, हातात घेतला, दहातले नऊ बॉल वाया गेले आणि दहावा असा काही उडाला की संपलंच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हँडिकॅप म्हणजे तुम्ही किती कच्चे आहात त्याचा आकडा. जास्तीत जास्त ५४. शून्य म्हणजे स्क्रॅच, म्हणजे कोर्सचं जे रेटिंग (चांगल्या खेळाडूला किती शॉट लागतील त्याचा आकडा) असतं साधारण तेवढ्या शॉटमध्ये १८ होल संपवणारा हौशी खेळाडू. मी सुरुवात केली तेव्हा २७ होतो, म्हणजे पार (कोर्ससाठी ठरवून दिलेले शॉट) ७२ च्या कोर्सवर १०० च्या आत आलो तर घरी जाताना पेढे. २७ वरून शून्य, एका वर्षात. आता लिहिताना हसू येतंय.

हे डोक्यात यायला एक माणूस कारण होता. अमेरिकेत पोर्टलंडचा डॅन मॅक्लॉफ्लिन नावाचा फोटोग्राफर, त्याने २०१० मध्ये काम सोडून १० हजार तास गोल्फचा सराव करायचं ठरवलं, त्याआधी तो खेळाडू म्हणावा असा नव्हताच. काही वर्षांत त्याचा हँडिकॅप २.६ पर्यंत उतरला आणि मग पाठीच्या दुखण्याने सगळं थांबलं. मी काय केलं तर यातला २.६ तेवढा वाचला, 'काही वर्षांत' आणि 'पाठ' हे दोन्ही सोयीस्करपणे सोडून दिलं.

पहिले तीन महिने मी फक्त रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, बॉल बडवले. सकाळी साडेसहाला पोचायचं, दीडशे बॉल, घरी येऊन नाश्ता, परत दुपारी उन्हात शंभर. एप्रिल-मे मधलं पुण्याचं ऊन, डोक्यावर टोपी, हाताला एकाच ग्लोव्हमुळे डावा गोरा आणि उजवा काळा, असं ध्यान. आणि रेंजवर मी खरंच छान मारायला लागलो हो! सात नंबरचं आयर्न (मधल्या अंतराचा क्लब) दीडशे यार्ड, एकामागोमाग एक, शेजारचे लोक बघायचे. मग कोर्सवर जायचो आणि १०४.

याचं कारण मला कोचने सांगितलं पण डोक्यात शिरायला दोन महिने लागले. रेंजवर प्लास्टिकचं मॅट असतं. बॉलच्या दोन इंच मागे क्लब आपटला तरी तो मॅटवरून घसरतो आणि बॉलला लागतोच, आवाजही बरा येतो. तोच शॉट मातीवर मारला की क्लब रुततो आणि बॉल वीस यार्डांवर लोळत जातो. म्हणजे मी तीन महिने दिवसाला अडीचशे वेळा चूकच घोटवत होतो आणि मॅट मला शाब्बास म्हणत होतं. शिवाय रेंजवर एकच क्लब, एकच टार्गेट, लागोपाठ. कोर्सवर एक शॉट मारला की पाच-सात मिनिटं चालायचं, मग वेगळा क्लब, पायाखाली उतार, आणि दुसरी संधी नाही.

स्लाइसचंही तसंच. माझा ड्रायव्हरचा (सर्वात लांब मारायच्या क्लबचा) फटका कायम उजवीकडे वळायचा, म्हणून मी दर वेळी आणखी डावीकडे तोंड करून उभा राहायचो, आणि तो आणखी वळायचा. मशिनवर बघितल्यावर कळलं की बॉल निघतो साधारण क्लबच्या तोंडाच्या दिशेने, आणि वळतो तो क्लबचं तोंड आणि क्लबचा रस्ता यांच्यातल्या फरकाने. मी डावीकडे वळून उभा राहिलो की क्लब बाहेरून आत कापत यायचा आणि तोंड मात्र उघडंच राहायचं, म्हणजे फरक वाढायचा. दोन वर्षं मी औषध म्हणून जे घेत होतो तोच रोग होता. कोचने बॉलच्या जरा मागे, बाहेरच्या बाजूला पाण्याची भरलेली बाटली ठेवली आणि म्हणाला बाटलीला न लागता आतून मार. पहिल्या दिवशी चार बाटल्या फोडल्या.

जून सुरू झाला आणि उजवा कोपर गेला. आतल्या बाजूने. चहाचा कप उचलताना कळ. फिजिओथेरपिस्टने हात दाबून बघितला आणि म्हणाला, याला गोल्फर्स एल्बोच म्हणतात, अभिनंदन. सहा आठवडे पूर्ण स्विंग बंद. पाण्याची बाटली हातात धरून मनगट सावकाश खाली सोडायचं, दिवसातून तीन वेळा, ही एवढीच प्रॅक्टिस. बाहेर पाऊस, पालख्या पुण्यात आलेल्या, आणि मी घरात वाण्याने उधारी नाकारल्यासारखा बसलेलो.

मग हॉलमध्ये पटिंग, म्हणजे बॉल हळूच ढकलून होलमध्ये घालणं, सुरू केलं. गोल्फचं होल १०८ मिलिमीटरचं असतं, पट्टी घेऊन स्वयंपाकघरातली भांडी मोजली तर एका पातेलीचं तोंड जवळजवळ तेवढं निघालं. ती आडवी ठेवली. आणि एक शोध लागला की आमच्या हॉलला उतार आहे! नऊ वर्षं त्या घरात राहतोय, बिल्डरने फ्लोअरिंग एकदम लेव्हलमध्ये आहे म्हणून सांगितलेलं, आणि बॉल दर वेळी बाल्कनीकडे चार बोटं सरकतो. मुलगी तिसरीत आहे, ती आली, एकदा बघितलं, टीव्हीच्या स्टँडच्या पायाकडे रोख धरून हळूच ढकलला, पातेलीत. तिला मी उताराबद्दल काहीही सांगितलं नव्हतं. तिने बघितलं आणि तसं मारलं, बस.

त्या सहा आठवड्यांत केलेलं खरं काम म्हणजे वही. आधीच्या १५ राउंडची कार्डं काढली आणि आठवेल तेवढा प्रत्येक शॉट लिहून काढला. माझी ठाम समजूत होती की माझं पटिंग वाईट आहे, कारण राग तिथेच यायचा. आता टूरवरचे प्रोसुद्धा आठ फुटांवरून साधारण निम्मेच पट घालतात, हे वाचल्यावर जरा हायसं वाटलं. कोलंबिया युनिव्हर्सिटीचे मार्क ब्रॉडी यांनी पीजीए टूरचा शॉटनशॉट डेटा घेऊन दाखवलंय की चांगल्या आणि बऱ्या खेळाडूतला जवळजवळ दोन तृतीयांश फरक १०० यार्डांच्या पलीकडून मारलेल्या शॉटमुळे पडतो. माझ्या वहीतही तेच. राउंडमागे सरासरी चार वेळा बॉल हद्दीबाहेर किंवा नाल्यात, आणि पाच-सहा वेळा जमिनीत खणलेला शॉट. हद्दीबाहेर गेला की दंडाचा एक, शिवाय परत जिथून मारला तिथूनच मारायचं, म्हणजे टीवरून (होलचा पहिला शॉट मारायच्या जागेवरून) तिसरा शॉट. असे दोन झाले की राउंड तिथेच संपला, पुढे नुसती चालायची हौस.

आता मामांबद्दल. मामा म्हणजे कॅडी, खेळाडूची बॅग उचलणारे, साठीला टेकलेले, कोर्सवर सगळेच त्यांना मामा म्हणतात. (कोर्सचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तिथल्या एका मेंबरकाकांचा विषय येणार आहे.) पुण्यात गोल्फ तसं मोजक्याच ठिकाणी, येरवड्याचा पूना क्लबचा कोर्स, बावधनच्या डोंगरातला ऑक्सफर्ड, आणि मग लष्कराचे, एनडीएचे, जिथे आपलं काही काम नाही. कुठेही जा, खेळ शिकवणारे खरे लोक बॅग उचलणारेच असतात असं माझं मत झालंय.

ऑगस्टच्या शेवटी कोपर बरा झाल्यावर पहिल्यांदा मामा माझ्या बॅगेवर आले. चौथं होल, पार पाच, दोनशे यार्डांवर आडवा नाला. मी ड्रायव्हर काढला.

मामा म्हणाले, "साहेब, याने किती जातो?"

"सव्वादोनशे."

"कोणी सांगितलं?"

"जातो की. कधीतरी."

मामांनी माझ्या हातातून ड्रायव्हर घेतला, कव्हर घातलं, आणि पाच नंबरचं हायब्रिड (ड्रायव्हरपेक्षा आखूड, सांभाळायला सोपा क्लब) पुढे केलं. "कधीतरीवाला बॅगेत राहू द्या. रोजचा काढा."

मी काढला. एकशे सत्तर, मधोमध. मग परत तेच हायब्रिड, मग नऊ नंबर, दोन पट. पार. त्या होलवर त्याआधी मी सात, आठ, नऊ आणि एकदा अकरा केले होते.

त्यानंतर वहीत मी प्रत्येक क्लबपुढे दोन आकडे लिहायला लागलो, एक कधीतरीचा आणि एक रोजचा. सात नंबर, कधीतरी १५५, रोज १४०. हे लिहिताना जीवावर यायचं, पगाराची स्लिप कुणी मोठ्याने वाचल्यासारखं. पण सप्टेंबर ते नोव्हेंबर हँडिकॅप २२ वरून १४ वर आला तो याच्यामुळे, स्विंगमुळे नाही. स्विंग तसाच होता, फक्त मी त्याच्याकडून जमणार नाही ते मागणं बंद केलं.

पावसाळ्यातला खेळ म्हणजे वेगळंच प्रकरण. बॉल वरून पडतो आणि चिखलात अंड्यासारखा रुततो, आजूबाजूला लाल कडं. बॉल स्वतःच्या खड्ड्यात रुतला असेल तर फुकटात काढून शेजारी ड्रॉप करता येतो, पण आधी तो सापडला पाहिजे, आणि शोधायला फक्त तीन मिनिटं मिळतात, २०१९ च्या आधी पाच मिळायची. गुडघाभर गवतात छत्री घेऊन मी, मामा आणि बॉल कुठे पडतो ते बघायला पुढे उभा केलेला पोरगा असे तिघं खाली मान घालून फिरतोय आणि मागच्या टीवरून मेंबरकाका कमरेवर हात ठेवून बघतायत. ह्याच काकांनी मला पहिल्या आठवड्यात कॉलर नसलेला टी-शर्ट घातला म्हणून परत पाठवायला लावलं होतं. आणि एकदा मी पटसाठी वाकलेलो असताना मोठ्याने म्हणाले, "हल्ली कोणीही येतं." असो. काकांचा हँडिकॅप १९ आहे आणि ते बॉल पायाने सरकवतात, मामांनी सांगितलं, मी बघितलेलं नाही.

डिसेंबर-जानेवारी सोन्यासारखा गेला. थंडी, वारा नाही, जमीन पक्की. सकाळी सव्वासातला पहिल्या ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) दव असतं आणि बॉल गेला की मागे गडद रेघ उमटते, अगदी पाटीवर काढल्यासारखी. आपल्याआधी दुसऱ्याने मारला असेल तर बॉल कुठे वळायला लागला, कुठे दमला, सगळं लिहिलेलं दिसतं. दव वाळलं की तीच वळणं डोळ्यांनी शोधायची. मामा तर बघतही नाहीत, ग्रीनवर चालत जातात आणि म्हणतात पायाला कळतं. मी तीन महिने पायाला विचारत होतो, मग हळूहळू कळायला लागलं, खरंच, घोट्यावर भार कुठे येतो ते बघायचं.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात १७ होलनंतर ७४ झाले होते. शेवटचं पार चार. पाच केले तरी ७९, म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा ८० च्या आत. मला हे माहीत नव्हतं असं म्हणायला आवडेल, पण मी बाराव्या होलपासून मोजत होतो. हायब्रिड बरा गेला, दीडशे राहिले. झेंडा डावीकडे, वाळूच्या बंकरच्या अगदी मागे. मी झेंड्याकडे बघतोय आणि मामा काही न बोलता माझ्या डावीकडे जाऊन उभे राहिले, अशा जागी की मला झेंडा दिसेना, ग्रीनची उजवी बाजू तेवढी दिसेल. सहा नंबर मारला. ग्रीनच्या उजव्या कडेला, पस्तीस फुटांवर. तीन पट मारायला मोकळीक. पहिला सहा फूट कमी पडला कारण हात दगड झाले होते. दुसरा होलच्या कडेला फिरून बाहेर. तिसरा चार इंचांचा, तोही मी दोनदा उभा राहून मारला. ७९. मामांनी झेंडा लावला आणि म्हणाले, "पाणी प्या साहेब, तोंड पांढरं पडलंय."

त्यानंतर मला वाटलं आता सुटलो, मार्चपर्यंत पाच तरी होईल. काही झालं नाही. फेब्रुवारीत एक हौशी स्पर्धा खेळलो, पहिल्या टीवर खुर्च्या टाकून वीस-पंचवीस लोक बसलेले, कुणीतरी माईकवर नाव पुकारलं, आणि मी टीच्या खुंटीवर बॉल ठेवायला वाकलो तर बॉल खुंटीवर राहीना. बोटं थरथरत होती. तीनदा पडला. ९३. दहा महिन्यांत दाबाखाली कसं खेळायचं याची मी एक मिनिटही प्रॅक्टिस केली नव्हती, आणि ती रेंजवर होतही नाही. तिथे माझ्या गटात एक १८ वर्षांचा पोरगा होता, नऊ वर्षांचा असल्यापासून खेळणारा, हँडिकॅप १, त्याने ७४ केले आणि म्हणाला आज काही जमलंच नाही. त्याचा बॉल निघायचा त्याचा आवाजच वेगळा होता. त्या आवाजाच्या आणि माझ्या मध्ये किती अंतर आहे ते त्या दिवशी कळलं, आणि खरं सांगायचं तर शून्याचा नाद तिथेच सुटला, उरलेला दीड महिना मी शांतपणे खेळलो.

३१ मार्चला ८.७. आता हा आकडा ऐकून लोक समजतात मी दर वेळी ८०-८१ मारतो. तसं नाहीये. हँडिकॅपसाठी शेवटच्या २० राउंडमधले सर्वात चांगले ८ धरतात आणि त्यांची सरासरी काढतात. तेही नुसता स्कोअर नाही, कोर्सच्या अवघडपणाप्रमाणे बदलून. समजा रेटिंग ७१, स्लोप (साध्या खेळाडूला कोर्स किती अवघड जातो तो आकडा) १२६, आणि तुम्ही ८४ केले, तर ८४ वजा ७१ म्हणजे १३, गुणिले ११३ (सर्वसाधारण कोर्सचा स्लोप), भागिले १२६, आले ११.७. असे वीस आकडे, त्यातले बारा वाईट फेकून द्यायचे. म्हणजे ८.७ हा माझा कधीतरीवाला आकडा आहे. माझ्या वहीत वीसही राउंडची सरासरी आहे साडेचौऱ्याऐंशी, तो रोजचा. लग्नकार्यात कुणी विचारलं तर मी ८.७ सांगतो.

खर्च विचारतात सगळे. रेंज, ग्रीन फी, कॅडी, कोच, फिजिओ, दोन वेजेस (जवळच्या शॉटचे क्लब), बॉल, पेट्रोल मिळून तीन लाख ऐंशी हजारांच्या आसपास. बायकोला मी तीन चाळीस सांगितलंय. वेळ म्हणाल तर साधारण अकराशे तास, त्यातले पहिले साडेतीनशे निम्म्याहून जास्त फुकट. परत करायचं झालं तर पहिल्या दिवसापासून कोर्सवर नऊ होल आणि रेंजवर फक्त पन्नास बॉल, तेही दर बॉलला क्लब बदलून. आणि कोपराचा व्यायाम दुखायच्या आधी.

मे महिन्यात नोकरी लागली, हिंजवडीला. आता फक्त रविवार. गेल्या रविवारी चौथ्या टीवर पोचलो, मामांनी बॅगेवरून माझ्याकडे बघत विचारलं, "काय काढू?"

म्हटलं, "मामा, पगार सुरू झालाय. कधीतरीवाला काढा."

त्यांनी काहीही न बोलता ड्रायव्हरचं कव्हर काढून दिलं. फटका मस्त बसला, आवाजही आला. नाल्याच्या पलीकडच्या काठावर आपटला, एक क्षण थांबला, आणि मागे घरंगळत पाण्यात. मी वळून बघितलं तर मामांच्या हातात दुसरा बॉल तयार होता, ड्रायव्हर मी मारायच्या आधीच त्यांनी तो खिशातून काढलेला असणार.